वरातीमागून घोडं: शाळेतल्या सर-मॅडमना खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापक, आणि पाचवी ते दहावीला विज्ञान शिकवणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र कुठल्या एका शाळेला नाहीये. शाळेचं नाव टाकणार नाही, गावाचं पण नाही, कारण माझ्या मुलाने तशी अट घातलीये आणि त्याला विचारल्याशिवाय मी यातली एक ओळही लिहिलेली नाही. पण जे झालं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या शाळेत दर वर्षी होतं, त्यामुळे वाचताना ओळखीचं वाटलं तर वाटू द्या.

जुलैमध्ये सातवीच्या मुलींना एक दिवस हॉलमध्ये नेलं. खिडक्या लावल्या, दार लावलं, बाहेर शिपाईमावशी बसवल्या. आत प्रोजेक्टरवर कुणीतरी बाई बोलल्या आणि निघताना प्रत्येकीच्या हातात पेपरात गुंडाळलेलं पॅडचं पाकीट दिलं. तेवढा वेळ मुलांना ग्राउंडवर पाठवलं, पाऊस भुरभुरत होता तरी, पीटीचा जादा तास म्हणे. माझा मुलगा चिखलाचे बूट घेऊन घरी आला आणि पहिला प्रश्न, मुलींना पेपरात काय दिलं? मी सांगितलं. पाळी काय, पॅड काय, सगळं सांगितलं, मला काही लाज वाटत नाही, मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्याने ऐकून घेतलं, जेवला, आणि मी ओटा पुसत असताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आणि मुलांना काहीच होत नाही का?"

मग हळूहळू बाहेर आलं. त्याच्या डाव्या छातीत, निपलच्या मागे, शेंगदाण्याएवढी गाठ होती. दप्तराचा पट्टा घासला की दुखायची. तीन महिने त्याने ती लपवली होती. मे महिन्यात पोहायला जायचं बंद केलं तेव्हा मला म्हणाला होता की पाण्याला क्लोरीनचा वास येतो, आणि मी ते खरं मानलं. भर उन्हाळ्यात शर्टाच्या आत बनियन, वर परत टीशर्ट. गुगल केलं होतं त्याने, माझ्याच मोबाईलवर, आणि हिस्टरी पुसली होती. त्याच्या डोक्यात दोनच शक्यता होत्या, एकतर कॅन्सर किंवा मग आपण मुलगी व्हायला लागलोय, आणि मला म्हणाला की यातलं जास्त वाईट कुठलं तेच त्याला ठरवता येत नव्हतं.

सर, मॅडम, वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांना हे होतं. निम्म्या! वर्गात तीस मुलगे असतील तर पंधरा जण कधी ना कधी ही गाठ घेऊन तुमच्यासमोर बाकावर बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. कारण अगदी साधं आहे, मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनबरोबर थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे ज्याला आपण बायकी हार्मोन म्हणतो ते, पण तयार होतं, टेस्टोस्टेरॉनपासूनच होतं ते, आणि सुरुवातीच्या काळात दोघांचा तोल नीट बसलेला नसतो म्हणून छातीतली ग्रंथी जराशी फुगते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप बसते. खूप वाढत असेल किंवा निपलमधून पाणी येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, नाहीतर काही करायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासलं आणि म्हणाले जा, पोहायला जा. हे दोन मिनिटांचं वाक्य त्याला एप्रिलमध्ये कुणी सांगितलं असतं तर उन्हाळ्याची सुट्टी वाया गेली नसती. कुणी म्हणजे मी पण त्यात आलेच, मी स्वतःला सोडत नाहीये, रोज हार्मोनचे रिपोर्ट हातावेगळे करणारी बाई आणि घरातला मुलगा दिसला नाही.

पण घर एक आणि शाळा एक. घरी आई लाजते, बाबा पेपर वाचतात, आजी म्हणते आत्तापासून कशाला डोक्यात भरवता. शाळेत मात्र विज्ञानाचा तास आहे, फळा आहे, आणि शिकवायला पगार मिळणारा माणूस आहे. म्हणून तुम्हालाच पत्र.

माझं म्हणणं इतकंच आहे की तुम्ही गोष्ट शेवटापासून सांगता. पाळी हा मुलीच्या वयात येण्याचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे हो. पहिली खूण छातीची, ती आठ ते तेरा यात कधीही दिसते आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे सातवीत हॉलमध्ये नेता तेव्हा वर्गातल्या काहीजणींचं सगळं होऊन गेलेलं असतं आणि बाकीच्या बऱ्याचजणी अर्ध्या वाटेवर असतात. आणि बालभारतीच्या पुस्तकात मासिक पाळीची आकृती कधी येते तर दहावीला, विज्ञान भाग दोन, तिसरा धडा. दहावीला! मुलगी तोपर्यंत तीन-चार वर्षं दर महिन्याला प्रॅक्टिकल देऊन बसलेली असते आणि आपण तिला थिअरी शिकवतोय, ती पण "हे तुम्ही घरी वाचा" म्हणून पानं उलटून. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मुलांचं तर घोडंच नाही. मोठ्या माणसांना वाटतं मिसरूड फुटली, कंठ फुटला की मुलगा वयात आला. मिसरूड फार उशिरा फुटते. मुलांमधली पहिली खूण म्हणजे वृषणं मोठी होणं, नऊ ते चौदाच्या मध्ये कधीतरी, आणि ती कुणालाच दिसत नाही, मुलाच्या स्वतःच्या पण लक्षात येत नाही. डॉक्टरांकडे ते मोजायला बारा मण्यांची माळ असते, खरंच माळ, एक मिलिलीटरच्या मण्यापासून पंचवीसपर्यंत, झुरिचच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी 1966 च्या सुमारास बनवलेली, आणि चार मिलिलीटरचा मणी जुळला की सुरुवात झाली असं धरतात. मी पहिल्यांदा ती एका बालरोगतज्ज्ञांच्या टेबलावर पाहिली तेव्हा मला वाटलं लहान मुलांचं खेळणं आहे, उचलून बघितली आणि सगळे हसले, असो.

तर गोष्ट सुरू कुठून होते? डोक्यातून. हायपोथॅलॅमस म्हणजे तुमच्या पुस्तकातलं अधश्चेतक, मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा भाग. तिथून एक हार्मोन सुटतं, जीएनआरएच, ते खालच्या पिट्युइटरीला म्हणजे पीयूषिकेला सांगतं, पीयूषिका एफएसएच आणि एलएच अशी दोन हार्मोन रक्तात सोडते, आणि ती दोन्ही जाऊन मुलींच्या अंडाशयाला आणि मुलांच्या वृषणाला जागं करतात. मुलगा असो मुलगी असो, वरची सगळी साखळी अगदी सेम आहे! एफएसएच, एलएच दोघांनाही तेच. फरक पडतो तो खाली गेल्यावर. मग पहिला अर्धा तास दोघांना एकाच वर्गात एकाच फळ्यावर शिकवायला काय हरकत आहे, मुलींना हॉल आणि मुलांना चिखल कशासाठी, ते मला कुणी समजावून सांगावं.

आणि गंमत म्हणजे ही साखळी नवी नसते. बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने ती चालू असते, तान्ह्या मुलाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन बऱ्यापैकी सापडतं. मग मेंदू तिला झोपवतो आणि आठ-दहा वर्षं ती गप्प पडून राहते. वयात येणं म्हणजे तो ब्रेक सुटणं. ब्रेक सोडायला जे लागतं त्यातल्या एका पदार्थाचं नाव किसपेप्टिन. त्याचं जीन 1996 ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात सापडलं, लोक कॅन्सरवर काम करत होते, गावात चॉकलेटचा प्रसिद्ध कारखाना, म्हणून त्या कारखान्याच्या किसेस नावाच्या चॉकलेटवरून जीनचं नाव ठेवलं किस. पुढे 2003 मध्ये कळलं की ज्यांच्यात किसपेप्टिनचा निरोप घेणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो ते लोक वयातच येत नाहीत. हे नाव वर्गात घेतलंत तर मुलं फिदीफिदी हसतील. हसू द्या की, लक्षात राहील.

जीएनआरएच नळासारखं धो धो वाहत नाही, ते ठोके देतं, साधारण तास-दीड तासाला एक. सुरुवातीला हे ठोके फक्त रात्री, झोपेत पडतात, म्हणजे मूल झोपलेलं असतं आणि त्याचं बालपण आतून आवरायला घेतलेलं असतं, आई-बापाला पत्ता नाही. आणि ठोके न देता ते सतत देत राहिलं तर उलटं होतं, साखळी बंद पडते. दाराची बेल कुणी दाबूनच धरली तर आपण बेलचं बटणच बंद करतो ना, तसं. ज्या मुलींना आठच्या आत किंवा मुलांना नऊच्या आत हे सगळं सुरू होतं त्यांना गरज असेल तर जी इंजेक्शनं देतात त्यांचं काम असंच चालतं. आमच्या लॅबमध्ये अशा मुलींचं एलएच तपासायला येतं, 0.3 च्या खाली असलं की साधारणपणे अजून झोपलेलं आहे असं धरतात, आणि हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्सरे काढतात. एका दुसरीतल्या मुलीची आई रिपोर्ट हातात घेऊन मला विचारत होती की ताई हे चिकनमुळे का हो, व्हॉट्सअॅपवर आलंय. ब्रॉयलर कोंबड्यांना वाढीचं हार्मोन टोचतात ही अफवा आहे, कोंबडी लवकर वाढते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. वजनाचा संबंध मात्र खरा आहे, शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते आणि मेंदूला कळतं की शिधा पुरेसा आहे, आता पुढे जायला हरकत नाही. लॉकडाऊननंतर लवकर वयात येणाऱ्या मुलींच्या केसेस वाढल्याचं पुण्यातल्या डॉक्टरांनी पण नोंदवलंय आणि इटलीतल्या पण. घरात बसून वाढलेलं वजन, स्क्रीन, झोप, नक्की कुठल्या गोष्टीचा किती वाटा यावर डॉक्टरांचंच अजून एकमत नाही, तेव्हा त्या आईला मी काय सांगणार, एवढंच सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही, डॉक्टर सांगतील तसं करा.

चौथी-पाचवीच्या वर्गात दुपारी शिरलं की जो वास येतो तो तर तुम्हालाच जास्त माहीत. त्याचं खातं वेगळं आहे. किडनीच्या डोक्यावर ज्या अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात त्या सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला आपलं वेगळंच काम सुरू करतात, पीयूषिकेच्या त्या साखळीची वाट न बघता, आणि त्यांच्यामुळे घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो, चेहरा तेलकट होतो, काखेत केस येतात. म्हणजे वास आला म्हणून मूल घाणेरडं नाही. एका बाईंनी भर वर्गात एका मुलाला "आंघोळ करून येत जा" म्हटलेलं माझ्या मुलाने मला सांगितलं, तो मुलगा दोनदा आंघोळ करून यायचा हो.

मग उंची. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जोरात वाढतात, वर्षाला आठेक सेंटीमीटर, मुलं चौदाव्याच्या आसपास नऊ-दहा. म्हणून सहावी-सातवीच्या फोटोत मागच्या रांगेत मुली आणि पुढे बारके मुलगे. आणि शरीर एकसारखं वाढत नाही, आधी पाय-हात मग धड, दिवाळीला घेतलेला बूट संक्रांतीला होत नाही, आणि मुलगा सगळा तंगड्याच तंगड्या दिसतो आणि ताटावर पाणी सांडतो. "पाळी आली की उंची खुंटते" हे आपल्याकडे ठाम मानतात, त्यात अर्धं खरं आहे, सगळ्यात जोराची वाढ पाळीच्या आधीच होऊन गेलेली असते पण पाच-सात सेंटीमीटर तरी पुढे वाढतातच. आणि उंची थांबवतं कोण तर इस्ट्रोजेन. मुलींचीच नाही, मुलांची पण! 1994 मध्ये एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची केस छापून आली होती, त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप वाचताच येत नव्हता, आणि तो त्या वयात अजून उंच होत होता, हाडांची टोकं जुळलीच नव्हती. मुलाच्या शरीरातलं "बायकी" हार्मोन त्याचं हाड पक्कं करतं, हे मी माझ्या लेकाला सांगितलं तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून जो सुस्कारा सोडला ना, तो मला अजून ऐकू येतो.

आता शब्दांचं. आपली भाषा या बाबतीत मुलींना निदान काहीतरी देते, चांगलं-वाईट सोडा. शहाणी झाली, पदर आला, कावळा शिवला, न्हाण आलं. माझ्या आजीला मखरात बसवलं होतं, गावभर साखर वाटली होती, आणि तिला कुणीच सांगितलं नव्हतं की रक्त का येतंय, तिला वाटलं आपण मरणार म्हणून एवढे लाड चाललेत. पण मुलांना? मुलाला झोपेत पहिल्यांदा वीर्य बाहेर आलं तर त्याला आपल्याकडे शब्द आहे स्वप्नदोष. दोष! तेराव्या वर्षी सकाळी उठून ओली चड्डी लपवणाऱ्या पोराला मराठी भाषा पहिली गोष्ट सांगते ती ही की तुझ्यात दोष आहे. आणि दुसरी गोष्ट सांगतात रेल्वेलाईनच्या भिंती, धातू जाणे, कमजोरी, खात्रीशीर इलाज, खाली मोबाईल नंबर. या भिंती त्या मुलाला रोज शाळेत जाताना दिसतात आणि शाळेची भिंत मात्र कोरी. र. धों. कर्व्यांनी 1927 ला 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं ते 1953 ला जाईपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्यातला एक बाबासाहेबांनी लढवला, आणि इतक्या वर्षांनी आपण मुलांना ग्राउंडवर पाठवतोय. 2007 ला तर केंद्राच्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर आपल्यासकट बऱ्याच राज्यांनी बंदीच घातली होती, संस्कृती बुडेल म्हणून.

मला तुमच्या अडचणी माहीत नाहीत असं नाही. पालक तक्रार करतात, संस्थाचालक घाबरतात, एका बाईंनी मला खाजगीत सांगितलं की मी शिकवते हो पण मुलं नंतर कॉरिडॉरमध्ये जे बोलतात ते ऐकवत नाही. खरं असेल. पण ती मुलं ते कुठून शिकली? मोबाईलवर जे दिसतं तिथून. तुम्ही तासभर बोललात तर निदान दुसरी बाजू तरी ऐकतील. आणि सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिकं आहेत, तिथले समुपदेशक शाळेत बोलवता येतात, म्हणजे सगळं तुमच्याच गळ्यात मारा असं मी म्हणत नाहीये.

जाता जाता झोपेबद्दल बोलतेच. 2024 मध्ये सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, लहान मुलांची झोप होत नाही. छान. पण वयात येताना मेंदूचं झोपेचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हार्मोन उशिरा सुटतं, त्यामुळे रात्री अकराला डोळे टक्क आणि सकाळी सहाला उठवलं की मढ्यासारखं पडलेलं ते आठवी-नववीचंच पोर असतं, आणि नेमकी त्यांनाच सातची शाळा. "मोबाईलमुळे" म्हणून आपण मोकळे होतो. मोबाईल आहेच, पण नुसता मोबाईल नाही.

तर मागणी काय. पाचवीपासून सुरू करा, सातवीला उशीर होतो. मुलं-मुली एकत्र बसवा, नंतर पाहिजे तर खाजगी प्रश्नांना वेगळं बसवा, चिठ्ठीची पेटी ठेवा नाव न घालता. डोक्यातून सुरू करा, पॅडवरून नको. मुलांना त्यांचं सांगा, गाठीचं, झोपेतल्या ओल्या चड्डीचं, फुटलेल्या आवाजाचं. वर्गात उभं राहून कविता म्हणताना कुणाचा आवाज चिरकला आणि सगळे हसले तर तुम्ही तरी हसू नका, त्याचं स्वरयंत्र टेस्टोस्टेरॉनमुळे मोठं होतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होतायत आणि त्या नव्या वाद्यावर त्याचा अजून हात बसलेला नाही. मुलींना सांगा की पहिली दोनेक वर्षं पाळी पुढे-मागे होणं चालतं, पंचेचाळीस दिवसांनी आली म्हणून घाबरायचं नाही. ज्यांचं उशिरा होतंय त्यांनाही सांगा, वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा रोज आरशात मिसरूड शोधत असतो, चौदापर्यंत वाट बघायची, मग डॉक्टर. आणि पॅडचं पाकीट पेपरात गुंडाळू नका हो, मिठाई पण आपण उघडी वाटतो.

एक पाकीट मी घरी आणून त्याच्यासमोर उघडलं होतं. त्याने पॅड टेबलावर पसरून, माझ्या लॅबमधला एक मोजपात्राचा ग्लास घेऊन, त्यात रसनाचं लाल पाणी करून किती मावतं ते मोजलं, खिडकीत वाळत घातलं, आणि मला विचारलं पाळीत एकूण रक्त किती जातं. मी म्हटलं साधारण तीस-चाळीस मिलिलीटर सगळ्या दिवसांचं मिळून. तो म्हणाला, एवढंच? मला वाटलं बादलीभर जात असेल. मग त्याने विचारलं की हा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवता येईल का. मी त्याला म्हटलं सरांना विचार. त्याने अजून विचारलेलं नाही, डिसेंबरमध्ये प्रदर्शन आहे. विचारलं तर काय सांगायचं ते तेवढं ठरवून ठेवा.

शनिवारी दुपारनंतर मला सुट्टी असते. फळ्यावर साखळी काढून समजवायला मी फुकट येईन, येण्याजाण्याचे पण नकोत.

आपली,
एक आई, लॅबवाली